काउन्सेलिंग शिकताना जात, बोली, देव आणि दर्या: कोकणातल्या नवीन काउन्सेलर्सचे नेहमीचे प्रश्न

मी रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अधूनमधून रायगडमध्ये नवीन काउन्सेलर्सचं ट्रेनिंग घेते. बॅच संपली की महिनाभराने फोन सुरू होतात, मेसेज येतात, आणि तेच तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत येतात. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात परत लिहिलं नाहीये.

१. मल्टीकल्चरल काउन्सेलिंग म्हणजे नक्की काय? आमच्या तालुक्यात तर सगळे मराठीच आहेत, मग गरज काय?

दापोलीहून हर्णैला जाणाऱ्या एसटीत एकदा बसा आणि नुसतं बघा. मासळीची रिकामी पाटी घेतलेली कोळीण, मोहल्ल्यातली आजी, भातशेतीवाला कुणबी काका, बौद्धवाडीतून कॉलेजला जाणारी मुलगी, मागच्या सीटवर आंब्याच्या बागेत राखण करणारा नेपाळी. कंडक्टरशी सगळेच मराठीत बोलतात, पण मनाला त्रास झाला की कुणाला सांगायचं, कुणासमोर रडायचं, घरातली कुठली गोष्ट बाहेर काढायची नाही, याची उत्तरं प्रत्येकाच्या घरात वेगळी असतात. तो फरक ओळखून काम करायला शिकणं म्हणजे हे ट्रेनिंग. आणि यात संस्कृती फक्त समोरच्याला असते असं समजायचं नाही, काउन्सेलरलाही असते, आणि मला तरी तीच बाजू शिकवायला जास्त कठीण जाते.

२. हे सगळं अमेरिकेतून आलंय ना? आपल्याला लागू होतं का?

हो, नाव आणि मांडणी तिकडची. १९९२ साली डेराल्ड विंग स्यू, पॅट्रिशिया अरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांनी काउन्सेलरला काय काय यायला हवं याची ३१ मुद्द्यांची मांडणी केली. तिचा गाभा तीन गोष्टींचा आहे: स्वतःच्या समजुतींचं भान, समोरच्याच्या जगाची माहिती, आणि त्याला जुळणारं कौशल्य. पॉल पेडरसन यांनी तर या विचाराला मनोविश्लेषण, वर्तनवाद आणि मानवतावाद यांच्यानंतरची मानसशास्त्रातली चौथी शक्ती म्हटलं. २०१५ मध्ये या मांडणीत सामाजिक न्यायाची भर पडली, म्हणजे काउन्सेलरने खोलीत बसून नुसतं ऐकायचं नाही, ज्या व्यवस्थेमुळे माणूस आजारी पडतोय तिच्याकडेही बघायचं.

तिकडे हे सगळं वंशभेदाच्या अनुभवातून उभं राहिलं. आपल्याकडे त्या जागी जात येते, धर्म येतो, बोली येते, आणि कोकणात "मुंबईवाले" आणि "गाववाले" हाही एक मोठा फरक येतो. त्यामुळे यादी जशीच्या तशी उचलायची नाही, तिच्यातला प्रश्न उचलायचा. महाडचं चवदार तळं आपल्याच कोकणात आहे. २० मार्च १९२७ ला पाण्याला हात लावण्यासाठी तिथे सत्याग्रह करावा लागला, हे ज्या काउन्सेलरला माहीत नाही त्याला समोरच्याच्या आजोबांच्या गोष्टीतलं निम्मं कळणारच नाही.

३. म्हणजे प्रत्येक समाजाच्या चालीरीती पाठ करायच्या का? नोट्स मिळतील का?

नाही, आणि अशा नोट्स मी मुद्दाम देत नाही. "कोळी असे असतात, मुस्लिम कुटुंबात असं असतं, कातकरी तसे असतात" असली वाक्यं डोक्यात बसली की समोरचा माणूस दिसायचा बंद होतो. मेलनी टर्वलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये यासाठी सांस्कृतिक नम्रता असा शब्द वापरला. अर्थ असा की दुसऱ्याची संस्कृती "येते" असं कधी होत नाही, आयुष्यभर विचारत राहायचं.

पण माहितीच नको असंही नाही हं. काही गोष्टी माहीतच हव्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, म्हणजे त्या दोन महिन्यांत घरात पुरुष असतो पण पैसा नसतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, मग "क्लायंट फॉलोअपला येत नाही" असं रजिस्टरमध्ये लिहून काय उपयोग? गणपतीत चाकरमानी येतात, घर भरतं, आणि ते गेल्यावरच्या आठवड्यात म्हातारी माणसं जास्त येतात, हे मी स्वतः दर वर्षी बघते. अशी माहिती ही माणसाला गाठायची वाट आहे, त्याच्याबद्दलचा निष्कर्ष नाही.

४. मला मालवणी बोलता येत नाही. चालेल का?

बोलता नाही आली तरी चालेल, समजली पाहिजे. ओढूनताणून मालवणी बोलायला गेलात तर समोरच्याला आपली चेष्टा चाललीय असंही वाटू शकतं. पण बाई "जीव थाऱ्यार नाय" म्हणाली की तुम्ही फॉर्मवर "अस्वस्थता" लिहून पुढे जाऊ नका, तिचाच शब्द लिहा आणि पुढच्या वेळी तोच शब्द वापरून विचारा, "जीव थाऱ्यावर आला का थोडा?" एवढ्याने फार फरक पडतो.

एक प्रसंग सांगते. ग्रामीण रुग्णालयात आमची एक ट्रेनी बसली होती, समोर पन्नाशीची बाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय, परत गुंडाळतेय. ट्रेनीने विचारलं, "तुम्हाला कसं वाटतंय?" उत्तर, "बरं आहे." परत विचारलं, "मनात काय येतं?" "काय नाय." दहा मिनिटं असंच. मग तिथल्या सिस्टर सहज म्हणाल्या, "काकी, जेवण गोड लागतं का?" आणि बाईंच्या डोळ्यांतून पाणीच आलं. मुलगा मुंबईला गेल्यापासून एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही, रात्री पेज पिऊन झोपते, झोपही पहाटे तीनला उडते, सगळं एका दमात बाहेर आलं. "कसं वाटतंय" हा प्रश्न आपल्याकडे खुशाली विचारायचा आहे आणि त्याचं उत्तर "बरं" हेच असतं. भूक, झोप, छातीत धडधड, डोक्यात मुंग्या, गॅस, कामात लक्ष नसणं, "टेन्शन", मनातलं दुखणं या दारांतून येतं. ती दारं कुठली आहेत ते त्या त्या वाडीत ऐकून ऐकून शिकायचं.

५. पीएचक्यू-९ चं मराठी भाषांतर आहेच ना, मग तेवढं भरून घेतलं की झालं?

ही नैराश्य किती आहे ते बघायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली. वापरा, मीही वापरते. पण त्यात "निम्म्यापेक्षा जास्त दिवस" असले पर्याय आहेत आणि गावातली बाई गेले दोन आठवडे असे मोजत नाही, ती "पौर्णिमेपासून" किंवा "लेक गेल्यापासून" असं मोजते. मूळ प्रश्नाचे शब्द बदलू नका, नाहीतर स्कोअरला अर्थ राहत नाही. आधी तिच्या पद्धतीने दिवस मोजून घ्या आणि मग पर्याय निवडायला मदत करा. आणि जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दलचा नववा प्रश्न घाईघाईत किंवा घरच्यांसमोर कधीच विचारू नका.

६. क्लायंट पहिल्याच मिनिटाला माझं आडनाव विचारतो, गाव विचारतो, वाडी विचारतो. कोर्समध्ये शिकवलंय की स्वतःबद्दल सांगायचं नाही. काय करू?

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे.

कोकणात "तुम्ही खयचे?" हा नमस्कारच आहे. तो टाळलात तर समोरच्याला वाटतं ही बाई आपल्याशी नीट बोलत नाही, मग आपण कशाला बोला? त्यामुळे गाव सांगा. पण आपल्याला सगळ्यांना हेही माहीत आहे की गावानंतर येणारा वाडीचा प्रश्न पुष्कळदा जातीचा प्रश्न असतो. वाड्यांची नावंच तशी होती, म्हणून तर डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वाड्या-वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. पाटी बदलली तरी विचारणं बदललेलं नाही.

मी ट्रेनींना सांगते की उत्तर द्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण आधी घरी बसून ठरवा, समोर माणूस बसलेला असताना गोंधळू नका. आणि एकदा तरी प्रेमाने उलट विचारून बघा, "मी कुठल्या वाडीतली आहे त्याने तुम्हाला बोलायला सोपं जाईल की अवघड?" एका कॉलेजच्या मुलीने मला यावर सांगितलं होतं, "मॅडम, तुम्ही आमच्यातल्या असाल तर घरी कळेल, आणि नसाल तर तुम्हाला कळणार नाही." तिच्या त्या एका वाक्यावर आमचं पुढचं सगळं काम उभं राहिलं.

उच्च समजल्या जाणाऱ्या जातीतल्या ट्रेनी मला सांगतात, "मी जात मानतच नाही, मग काय प्रश्न?" तुम्ही मानत नसाल, खरंच मानत नसाल, पण तुमच्या आडनावाने समोरच्याच्या मनात जे हललं ते तुमच्या न मानण्याने थांबत नाही. त्याबद्दल बोलायची सोय तुम्ही करून द्यायची असते.

७. ट्रेनिंगमध्ये प्रत्यक्ष काय करून घेता? नुसती लेक्चर्स असतात का?

लेक्चर कमी. पेडरसन यांची एक पद्धत आहे, त्यात काउन्सेलर आणि क्लायंट यांच्याशिवाय आणखी दोन माणसं बसतात आणि क्लायंटच्या मनातलं मोठ्याने बोलतात, एक काउन्सेलरच्या बाजूने आणि एक विरुद्ध. आम्ही ती आपल्या पद्धतीने करतो. मागच्या बॅचमध्ये एक ट्रेनी खलाशी झाला होता, काउन्सेलर झालेली मुलगी म्हणाली, "दारू कमी करण्याबद्दल काय विचार आहे?" तो म्हणाला, "बघतो मॅडम." आणि पाठीमागे बसलेला लगेच बोलला, "हिला काय कळतंय, पंधरा दिवस दर्यात, थंडीत जाळी ओढायची, रात्री झोप नाय, आणि ही पंख्याखाली बसून शिकवतेय." खोली एकदम शांत झाली. काउन्सेलर झालेली मुलगी थांबली, वही बंद केली आणि म्हणाली, "बोटीवरचा एक दिवस मला सांगाल का, पहाटेपासून?" तिथून खरी मुलाखत सुरू झाली.

याशिवाय प्रत्येकाने स्वतःच्या घराचा तीन पिढ्यांचा नकाशा काढायचा असतो: घरात कुणाशी बोलणं बंद होतं, कुणाला ओटीपर्यंतच घ्यायचे, कुणाला वेगळा कप होता. हे लिहिताना काही जण रडतात, काही जण कागद कोरा ठेवतात. दोन्ही चालतं.

८. क्लायंट म्हणतात, "तुम्हीच सांगा काय करू." आपण सल्ला द्यायचा नसतो ना?

पुस्तकात तसं आहे. पण जसवंत सिंग नेकी या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की आपल्याकडे उपचाराच्या नात्याला गुरु-चेल्याचं नातं जास्त जवळचं वाटतं, दोन परक्यांमधला करार नाही. म्हणून सुरुवातीला थोडा हात धरला तर बिघडत नाही. झोपेचं, दारूचं, औषधाचं स्पष्ट सांगा. लग्न मोडायचं का, जमीन विकायची का, भावाशी केस लढायची का, हे मात्र सांगायचं नाही, तिथे "घरात अशा वेळी कुणाचा शब्द चालतो, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" इथून सुरुवात करायची.

९. क्लायंट देवस्की करतात, कौल लावतात, भगताकडे जातात. त्यांना थांबवायचं का?

आधी ऐका. २०१३ मध्ये डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) सोबत १६ प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत आली, तिचा आत्मा एवढाच आहे: तुमच्या मते हे कशामुळे झालं, याआधी कुणाची मदत घेतली, आणि आता कशाने बरं वाटेल? हे प्रश्न विचारले की "राखणदाराचं काहीतरी राहिलंय" हे उत्तर येऊ शकतं, राखणदार म्हणजे जागेची राखण करणारा देव. त्यावर हसायचं नाही, आणि हो ला हो पण करायचं नाही. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवाच्या आणि मानपानाच्या रिवाजात, मानाचा वाद झालेला असतो, भावकीत बोलणं बंद असतं, आणि ते दुखणं "देवाचं राहिलंय" या शब्दांत येतं. गाऱ्हाणं घालताना सगळं गाव एकत्र उभं राहून एका माणसासाठी "होय महाराजा" म्हणतं, त्याने त्या माणसाला आधार वाटत असेल तर मी कोण थांबवणारी?

पण मर्यादा स्पष्ट आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साखळीने बांधणं, चटके, साप चावला असताना दवाखान्यात जाऊ न देणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि चालू औषध बंद करायला सांगणारा कुणीही असो, तिथे आपण ठाम उभं राहायचं.

अंगात येण्याबद्दल वेगळं विचारतात म्हणून इथेच लिहिते. पालखीत, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अंगात आलं आणि नंतर बाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागली, तर तो आजार नाही. जागा-वेळ सोडून व्हायला लागलं, दिवसच्या दिवस उतरत नाही, झोप-काम बिघडलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण नाव काढलं की लोक घाबरतात, "वेड्यांचं हॉस्पिटल" म्हणतात, म्हणून शक्य असेल तर चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नका, पहिल्या वेळी सोबत कुणीतरी जाईल एवढं बघा.

१०. नेपाळी राखणदार किंवा परराज्यातला खलाशी आला तर? त्याचा मुलगा मराठी बोलतो, त्याला दुभाषी म्हणून बसवू का?

मुलाला नको. बापाच्या मनातलं मुलाने ऐकायचं आणि भाषांतर करायचं, हे ओझं फार मोठं आहे आणि बापही खरं बोलणार नाही. बागमालकाला किंवा तांडेलालाही (बोटीच्या प्रमुखाला) बसवू नका, पगार त्यांच्या हातात असतो. दुसरा प्रौढ माणूस शोधा, आधी त्याला गुप्ततेचं समजावून सांगा, वाक्यं छोटी ठेवा आणि बोलताना दुभाष्याकडे नाही, क्लायंटकडे बघा. मानसिक त्रासासाठीच्या टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी मोफत नंबरवर बऱ्याच भारतीय भाषांत बोलता येतं, तोही त्याला देऊन ठेवा.

११. गावात सगळे ओळखीचे, माझा क्लायंट माझ्या मामेभावाचा मेहुणा निघतो. मग गुप्तता कशी पाळायची?

शहरातला नियम, ओळखीच्याला घ्यायचंच नाही, इथे लावला तर कुणीच उरणार नाही. पहिल्याच भेटीत बोलून घ्या: बाजारात भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर बोलेन, पूजेला-लग्नाला समोर आलो तर हा विषय निघणार नाही. जवळचं नातं असेल तर मात्र शेजारच्या तालुक्यातल्या सहकाऱ्याकडे पाठवा. खोलीचं दारही बघा, आमच्या एका केंद्रात आतलं बोलणं ओपीडीच्या बाकापर्यंत ऐकू यायचं, हे आम्हाला क्लायंटनेच सांगितलं.

१२. "आमच्यात असंच चालतं" असं म्हणून नवऱ्याची मारहाण सांगतात. संस्कृतीचा मान राखायचा म्हणजे गप्प बसायचं का?

नाही. कुठल्याही समाजात मार खाणाऱ्या बाईला विचारा, "असंच चालतं" हे तिचं म्हणणं आहे की तिच्या सासरचं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सगळ्या धर्माच्या, सगळ्या जातीच्या बायकांसाठी आहे. मोठ्या बाईच्या बाबतीत पुढचं पाऊल कधी टाकायचं ते तिने ठरवायचं, आपण संरक्षण अधिकारी, १८१ हेल्पलाइन आणि रात्री जायला सुरक्षित घर कुठलं ही तयारी तिच्यासोबत करून ठेवायची.

लहान मुलांचं वेगळं आहे. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथे आपली गुप्तता थांबते. लग्न लागलेली १७ वर्षांची मुलगी गरोदर असेल तरी कायदा तोच आहे, आणि ही केस मला आजही सर्वात जड जाते, कारण कळवल्यावर तिचाच संसार उघड्यावर येतो अशी भीती तिला असते. म्हणून गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीत, तिने काही सांगायच्या आधी, सोप्या शब्दांत सांगा. नंतर सांगितलीत तर ती फसवणूक वाटते आणि तिचं वाटणं बरोबर असतं.

१३. आईवडील मुलाला घेऊन येतात, "याला मुलीत इंटरेस्ट नाही, नीट करा." त्यांच्या संस्कृतीचा आदर करून काही करता येतं का?

मुलगा नीटच आहे. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या चौकटीतून बाहेर काढलं, आणि "बदलून देण्याचा" उपचार करणं डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय, आपणही तो करायचा नाही. पण आईवडिलांना हाकलूनही देऊ नका. त्यांची भीती बहुतेक वेळा "वाडीत तोंड कसं दाखवू" ही असते, त्या भीतीवर त्यांच्याशी वेगळं बसून काम करा. मुलाला एकट्याला भेटा आणि त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांना काहीही सांगू नका.

१४. मी बौद्ध आहे. क्लायंटने आडनाव ऐकून दुसरी मॅडम मागितली. मी "मल्टीकल्चरल" राहून हे सहन करायचं का?

तुम्हाला लागलं असेल, आणि ते लागणं खरं आहे. क्लायंटच्या संस्कृतीचा आदर यात अपमान गिळणं येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचार घेणाऱ्याशी जात, धर्म, लिंग, लैंगिकता यावरून भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट आहे, आणि ज्या संस्थेत हे पाळलं जातं तिने आपल्या काउन्सेलरच्या मागेही तसंच उभं राहायला हवं. जात बघून काउन्सेलर बदलून द्यायचा नाही, हे संस्थेने लेखी ठरवावं. क्लायंट तातडीच्या धोक्यात असेल तर त्या दिवशी कुणीही बघावं, पण त्यानंतर सुपरव्हिजनमध्ये (वरिष्ठांसोबत केसवर बोलायच्या बैठकीत) पहिला अर्धा तास तुमचा. (बाईने बाई काउन्सेलर मागणं वेगळं, तिथे सुरक्षिततेचा प्रश्न असतो, ते शक्यतो द्यावं.)

१५. मी त्याच गावची, त्याच समाजाची आहे. मग मला हे ट्रेनिंग कशाला?

कारण "मला माहितीये" असं वाटून आपण विचारायचं सोडतो. तुमच्या घरचं गणपतीचं आणि तिच्या घरचं सारखंच असेल, पण त्या पाच दिवसांत तिच्यावर किती काम पडतं ते सारखं नसतं. आतल्या माणसाचा फायदा मात्र फार मोठा आहे. शेजारच्या गोव्यात संगाथ या संस्थेने मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून सहा ते आठ भेटींत नैराश्यावर काम करून घेतलं, आणि त्याचा चांगला परिणाम २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला.

१६. कोर्स केला की काउन्सेलर म्हणून बोर्ड लावता येतो का?

"क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" लिहायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. काउन्सेलर्सचा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात झालाय. आमच्यासारखं छोटं ट्रेनिंग हे मूळ शिक्षणाच्या वरचं आहे, त्याच्या जागी नाही.

१७. आणि चूक झाली तर? एखाद्याच्या समाजाबद्दल चुकीचं बोलले तर तो परत येणारच नाही ना?

माझ्याकडून झालीय. मोहल्ल्यातली एक ताई आली होती, मी फॉर्म भरता भरता विचारलं, "मिस्टर आखातात का?" ती "हं" म्हणाली आणि मग सगळ्याला "हं" च. नंतर सिस्टरकडून कळलं की नवरा गावातच आहे, दोन वर्षं काम नाही, आणि तेच तर तिचं दुखणं होतं. पुढच्या भेटीला ती आली हे माझं नशीब. मी बसल्या बसल्या म्हटलं, "मागच्या वेळी मी न विचारताच धरून चालले, चुकलं माझं." लांबलचक माफी मागितली नाही, नाहीतर तिलाच मला समजवावं लागलं असतं. ती म्हणाली, "सगळेच तसं विचारतात, मग मी पण हो म्हणते." आणि थोडं थांबून नवऱ्याबद्दल बोलायला लागली.

आमच्या फॉर्मवर "पतीचा व्यवसाय" हा रकाना होता तो काढून आता "घरी कोण कोण असतं, आणि सध्या कोण कुठे आहे?" असं लिहिलंय.